चौथ्या पानावरचा अमोस

हॅल्टन मार्च
सोमवार, ३० ऑक्टोबर १९२२

एव्हरार्डास केझायाचे आशीर्वाद. आणि आशीर्वाद घेऊन झाले असतील तर आता बोलणी खा.

मला न विचारता माझं नाव छापलंस कसं? दहा मतदारांच्या सह्यांचा अर्ज भरायचाय शनिवारी, मी अजून हातात लेखणी धरलेली नाही, आणि तुमच्या त्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर ‘पाठिंबा देणारे मतदार’ म्हणून दहावं नाव माझं! गृहीत धरायला मी काय तुझ्या बैठकीतली खुर्ची आहे? आधीच्या तीन निवडणुकांना आमच्या घरातली सही होती, पहिल्यांदा बाबांची आणि मग दोनदा आपल्या अमोसची. पण दर वेळी तू स्वतः आलायस, स्वयंपाकघरात बसलायस, आईच्या हातचा प्लमचा मुरंबा बोटाने चाटलायस आणि मग कागद पुढे केलायस. या खेपेला आला तो तुझा एजंट टफली. पाय न पुसता.

“बाई, फक्त एक सही,” म्हणाला.

“फक्त एक सही करायला मला दहा मिनिटं लागतात,” मी म्हटलं. “कशावर करतेय ते वाचायला त्याहून जास्त. ठेवा इथे आणि जा.”

“सर एव्हरार्डना वाईट वाटेल हो.”

“सर एव्हरार्डना मी नागडं न्हाऊ घातलंय. वाटू दे.”

गेला बिचारा. जाताना कोंबडीवर पाय देऊन गेला.

आई बरी आहे. चौऱ्याऐंशी पुरी झाली, कान गेलेत, भूक शाबूत आहे. सफरचंदं यंदा एवढी लागलीत की सायडरची चक्की तीन आठवडे फिरतेय, सगळ्या आळीला आंबूस वास सुटलाय. आई रोज विचारते, “आपला एव्ही बेटावरून आला ना? मग येत का नाही?” मी सांगते, कामात आहे. ती म्हणते, “अंगावर पाजलेल्या पोराला कसलं आलंय काम!” एका बाजूला तू, एका बाजूला अमोस, आणि तूच जास्त ओढायचास, हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. गव्हर्नर झालास म्हणून काही थांबलेली नाही.

तर पुस्तिका. ‘सर एव्हरार्ड कॉनिंग्जवर्थ : जीवन आणि कार्य’. बोट ठेवून ठेवून वाचली, तीन संध्याकाळी गेल्या. शाळा, पहिली निवडणूक, पार्लमेंटातलं ते बंदराचं भाषण, मंत्र्याच्या हाताखालची वर्षं, मग सेंट ऑर्बन बेटाचं गव्हर्नरपद. खरं सांगते, ऊर भरून आला. पिसांच्या टोपीतला तुझा फोटो आहे, त्यात तू कोंबड्यासारखा दिसतोस, पण आमचा कोंबडा.

मग चौथं पान. तिथे लिहिलंय की मळ्यांतल्या मजुरांनी दंगा केला, गव्हर्नरांचा इमानी गाडीवान अमोस प्रीस याला जमावाने ठार मारलं, तरी गव्हर्नर डगमगले नाहीत.

मी ते चार वेळा वाचलं. मला वाचता कमी येतं, म्हणून वाटलं आपलंच चुकतंय.

तीन वर्षांपूर्वी तू स्वतः लिहिलं होतंस, तापाने गेला. तीन पत्रं. एकावर शाई फुटलेली, आणि ती कशाने फुटली ते मला कळलं होतं. आता जमाव कुठून आला?

आधी वाटलं, हा टफलीचा आगाऊपणा. मनातली सगळी बोलणी आधी त्यालाच दिली. पण त्याने घाईत मला दिली ती छापखान्यातून तपासायला आलेली प्रत आहे, एव्ही. समासात तुझं अक्षर आहे. त्याच चौथ्या पानावर तू ‘सर’ झाल्याचं साल दुरुस्त केलंयस. त्याच्या खालच्याच ओळीत अमोस आहे. तिथे तू काहीच केलं नाहीस.

एक गोष्ट मीही लपवलीय. अमोसचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. आईला दाखवलं नाही, तुलाही कळवलं नाही. तो लिहितो, मळ्यावर ताप आलाय, एव्हीने मजुरांच्या वस्तीभोवती शिपाई उभे केलेत, कुणाला आत-बाहेर करू देत नाही, आतली विहीर आटलीय. “मी रात्रीचं गाडीतून पाण्याची पिंपं नेतो. शिपाई मला ओळखतात, सोडतात. एव्हीला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याला नको म्हणावं लागेल, आणि मग त्याला झोप लागणार नाही.”

तुझ्या झोपेची काळजी करत मेला तो. दंगा नव्हता. ज्यांना पाणी पाजलं त्यांच्यावरच तू त्याच्या खुनाचा आळ घालतोयस, आणि तोही मतांसाठी.

तुला पिंपांचं कळलं होतं का, ते मी विचारत नाही. वस्ती बंद केलीस ती चूक की बरोबर, तेही मला कळत नाही. साथ मोठी असते, गव्हर्नर मी नव्हते. पण ताप होता हे तर तुला माहीत होतं! अरे, लहानपणी अमोस छान गोष्ट रचायचा आणि तू आधीच जाऊन आईपुढे सगळं ओकायचास. किती मार खाल्ला त्याने तुझ्या खरेपणापायी! तो पोरगा कुठे गेला? पार्लमेंटात हरवला, की बेटावर?

रविवारी पाद्रीणबाई छापून आलेली पुस्तिका आईला मोठ्याने वाचून दाखवायला येणार आहेत. आपलं पोर मारलं गेलं, हे तिने या वयात ऐकायचं, आणि तेही खोटं?

दहावी सही टफली कुणाचीही आणील, मला ठाऊक आहे. तरी माझी हवी असेल तर ते पान काढ आणि जे झालं ते छाप. मतं जातील थोडी. जाऊ देत. हरलास तर इथे जेवायला ये, जिंकलास तरी ये.

शुक्रवारच्या सकाळच्या टपालाने उत्तर पाहिजे. टफलीचं नको, यंत्रावर बडवलेलं नको, तुझ्या हातचं. नाही म्हणायचं असेल तर तेही तूच लिही. शनिवारी मी कचेरीत येईन ती सही करायला, नाहीतर अमोसचं पत्र सगळ्यांसमोर वाचायला. मला वाचायला वेळ लागतो, पण मी पुरं वाचते.

अमोसची, आणि काही झालं तरी तुझीही बहीण,
केझाया