त्या दिवशी तुम्ही साहेबांना काय सांगितलंत

अण्णा,

एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मी अजून तिथेच अडलेय. माझ्या लायसन्सच्या टेस्टच्या दिवशी आरटीओच्या मैदानात तुम्ही त्या साहेबांना बाजूला घेऊन काय सांगितलंत? टोपी काढून हातात धरली होती तुम्ही. एवढी वर्षं रिक्षा चालवलीत, चौकातल्या हवालदारापुढे कधी ती टोपी काढली नव्हती. मी स्कूटरवर बसून लांबून बघत होते. पोलिओनं पाय गेला, डोळे नाही गेले. दोन-तीन मिनिटं बोललात. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, आणि थोड्या वेळानं मी पास. त्या दिवशी माझ्या आधीचे तिघं चांगले धडधाकट, चाक रेषेला लागलं म्हणून नापास झाले होते. माझ्यासारखी पास होते म्हणजे काय समजायचं?

आज हे उकरून काढायचं कारण सांगते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या गडबडीत लायसन्सची मुदत संपली. वर्ष वर होऊन गेलं, मला पत्ताच नाही, मी आपली चालवतेय. तुमच्या नातवानं मोबाईलवर बघून सांगितलं. आता नुसता फॉर्म भरून भागत नाही, टेस्ट परत द्यायची. या वयात. नातू म्हणतो, "आई, तू कशाला त्रास घेतेस? माझ्या मित्राचा काका आहे तिथे. नुसता शब्द टाकला की झालं." मी म्हटलं, "टाक की. मग मी तुझंच लायसन्स फाडते." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. तेव्हापासून त्याच्यावर माझी नजर आहे, कारण हे पोरगं गप्प बसलं की काहीतरी करून ठेवतं. तुमच्यावर गेलंय.

तुम्हाला ती स्कूटर मुळातच पसंत नव्हती. मला अपंगांच्या कोट्यातून फोनचा बूथ मिळाला, नारायण पेठेत, एका जिन्याखाली. येरवड्याहून रोज तुमच्या रिक्षातून जायचं. सकाळी तुम्ही सोडायचात, संध्याकाळी न्यायला यायचात, आणि वाटेत कुणी हात केला तरी थांबायचा नाहीत. मी सव्वीस वर्षांची घोडी, शाळेतल्या पोरीसारखी मागे बसलेली. मग मी जुनी स्कूटर घेतली आणि गॅरेजमधून तिला बाजूची चाकं लावून आणली. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, बुटानं एक चाक ढकलून बघितलंत आणि म्हणालात, "ही गाडी नाही. हा पाळणा आहे." लोक तिला तीनचाकी म्हणतात. मोजली तर चार भरतात, पुढे एक, मागे एक, बाजूला दोन. एकदा पुलाच्या तोंडाशी पोलिसानं अडवलं, "तीनचाकीला पूल बंद आहे." मी म्हटलं, "मोजा." त्यानं खरंच वाकून मोजली. मग म्हणाला, "मग तर अजिबातच नाही." वळसा घालून गेले. पुढच्या चौकातला म्हणाला, "बाई, स्कूटर आहे ना, मग पुलावरून का नाही आलात?" मी कोण आहे हे या शहराला अजून ठरवता आलेलं नाही.

शिकवलंत मात्र तुम्हीच. दुसऱ्या कुणावर तुमचा विश्वास नव्हता, आणि खरं तर माझ्यावरही नव्हता. तुम्ही रिक्षा घेऊन पुढे, मी मागून. तुमचा एकच मंत्र, डाव्या कडेनं चाल. रिक्षावाल्याचं पोट डाव्या कडेला असतं, गिऱ्हाईक तिथेच उभं राहतं, त्यामुळे तुम्हाला रस्त्याची तेवढीच एक बाजू माहीत. मी तुमचं ऐकलं. जेलच्या रस्त्यावर अगदी कडेला गेले, आणि तिथे डांबर उंच, पलीकडे गटाराचं झाकण उंच, मध्ये खळगा. माझी बाजूची दोन्ही चाकं दोन्हीकडे टेकली आणि मधलं, इंजिनचं चाक राहिलं अधांतरी. मी अॅक्सिलरेटर पिळतेय, चाक गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही. मागे बस. बसवाला हॉर्नवरचा हात काढेना. तुम्ही रिक्षा टाकून पळत आलात आणि सगळ्या रस्त्यासमोर मला झापलंत. "पिळतेस काय नुसती! चाक कुठे चाललंय ते कळत नाही?" मला कळत होतं. तुम्ही सांगितलंत तिथेच चाललं होतं. घरी आल्यावर दोन दिवस मी गाडीला हात लावला नाही, आणि तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही अंगणात पोतं पसरून स्कूटरखाली आडवे. एका बाजूच्या चाकाखाली वीट सरकवताय, दुसरीकडे फळी, आणि मधल्या चाकाखालून हात फिरवून बघताय. आई म्हणाली, "चहा गार होतोय." तुम्ही म्हणालात, "होऊ दे." बऱ्याच वेळानं उठलात, पँट झटकलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू मधून चाल. लेनच्या बरोब्बर मधून. कुणी हॉर्न मारला तर मारू दे." चूक झाली असं नाही म्हणालात. ते तुमच्याकडून मी मागितलंही नसतं. पण जन्मभर डावी कड न सोडणारा माणूस लेकीला मधून चाल म्हणतोय, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी अजून मधूनच चालवते. आता आयटीवाल्यांच्या गाड्या मागून दिवे मारतात, काच खाली करून म्हणतात, "आंटी, लेफ्ट, लेफ्ट." मी ऐकत नाही.

हे सगळं असूनही टेस्टचा दिवस मला गिळवत नाही. कारण घरी येताना मी आनंदात होते आणि तुम्ही म्हणालात, "उड्या मारू नको. कागद मिळालाय, गाडी चालवता यायला अजून वेळ आहे." तेव्हा मला वाटलं, बरोबर, यांना आतलं ठाऊक आहे. यांनीच हात जोडलेत. पोरगी लंगडी आहे, साहेब, तेवढं बघा. असंच म्हणाला असाल. पैसे दिले असते तर मला एवढं लागलं नसतं. पुढे बूथवर कुणी कौतुक करायला लागलं की, काय हिंमत आहे पोरीची, स्वतः गाडी चालवत येते, मी म्हणायचे, "फोन करायचाय का? मागे लोक उभे आहेत." मोबाईल आले, बूथ बंद पडला, खराडीत एका कंपनीच्या पार्किंगमध्ये पास द्यायची नोकरी धरली. सातवी शिकलेली बाई इंजिनियरांना सांगते, गाडी पिवळ्या पट्ट्याच्या आत लावा. पण कुणी लायसन्स हा शब्द काढला की मला तुमची ती हातातली टोपी दिसते.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. गेटवर एक रिक्षा आली, म्हातारा ड्रायव्हर. मी म्हटलं, "रिक्षा आत जात नाही, बाहेर थांबवा."

"या साहेबांना आत सोडायचंय."

"साहेबांना पाय आहेत. चालतील."

पॅसेंजर उतरून गेला, म्हातारा मात्र बघतच राहिला. "तू आमच्या स्टँडवरच्या अण्णाची पोरगी ना?"

"चेहऱ्यावरून ओळखलंत?"

"चेहरा कशाला? तोंडाच्या पट्ट्यावरून."

तुमच्या स्टँडवरचे, तुमच्यासोबत आरटीओत पासिंगला जायचे ते. नाव मी लिहीत नाही, तुम्हाला कळेल. लायसन्सचं निघालं, तर म्हणाले, "तुझ्या टेस्टला मी होतो की तिथे. माझ्या गाडीचं पासिंग होतं त्या दिवशी."

मी पास लिहिता लिहिता थांबले. म्हटलं, "अण्णा साहेबांशी काय बोलले?"

"काय बोलणार? म्हणाला, साहेब, पोरीचा पाय बघून पास करू नका. चुकली तर परत पाठवा, मी परत आणतो, दहा वेळा आणतो. तुम्ही दया दाखवाल, बस नाही दाखवणार."

"मग टोपी का काढली होती?"

"टोपीत डोकं खाजवता येतं का? बोलताना खाजवायची सवय होती त्याला."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात, आणि शिवाय याला रिक्षा उन्हातून सावलीत आणायची होती. ती मी आणू दिली. पण घरी येताना सिग्नलला उभी असताना मला आठवलं, तुम्ही खरंच डोकं खाजवायचात. चिडलात की, लाजलात की, हिशोब चुकला की. आणि 'दया दाखवाल, बस नाही दाखवणार' हे त्या म्हाताऱ्याला सुचणारं वाक्य नाही. ते तुमचंच आहे.

सोमवारी टेस्ट आहे. नातू बरोबर येतो म्हणतोय, त्याला फाटकाबाहेर उभा करणार आणि मोबाईल माझ्याकडे ठेवून घेणार. हे मी पार्किंगच्या जुन्या वहीत लिहिलंय, वही महिनाअखेरीस रद्दीत जाते, त्याच्यासोबत हेही जाईल. तुम्ही असतात तरी तुमच्या हातात दिलं नसतंच, खरं सांगायचं तर.

कारण तुम्ही साहेबांना टेस्ट कडक घ्या म्हणून सांगितलं असेल, तर मग मी पास कशी झाले, ते मला माहीत आहे. मैदानात गाडीनं आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणाला माझं डावं चाक चुन्याच्या रेषेवर गेलं होतं. चांगलं वीतभर. साहेब तेवढ्यात खाली बघून पॅडवर काहीतरी लिहीत होते. ते म्हणाले, "झालं, पास," आणि मी काही बोलले नाही. टायरला पांढरा पट्टा लागला होता. तुम्ही लांबून माझ्याकडे यायला निघालात, तेवढ्या वेळात मी वाकले आणि ओढणीनं तो पुसून टाकला.