पाठीतली सुई

लक्ष्मीबाई नगर, मंगळवार संध्याकाळ

फुफ्फुसाची गाठ काढून वर्ष होत आलं, तरी बरगडीपाशी ओढणी टेकली की आग होते. आज पेन क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई जुनी फाइल चाळत सहज म्हणाल्या, "ऑपरेशन से पहले पीठ में इंजेक्शन लगता, तो शायद दर्द इतना न रहता. आपके हसबंड ने मना किया था."

शायद. ठीक आहे, शायदच. पण मना केलं होतं?

येताना ऑटोत विचारलं. अनिल बाहेर बघत म्हणाला, "अगं, पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते, सगळेच सांगतात. आणि तू सोशिक आहेस."

सोशिक. दोन्ही बाळंतपणांपासून हा शब्द मीच कौतुकाने मिरवला.

पण मला विचारायचं तरी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी चांगली शुद्धीत होते, पलंगावर बसून संत्रं सोलत होते. हा कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांशी बोलून आला, "काही नाही, रूटीन" म्हणाला आणि मी सोललेल्या फोडी खात बसला.

आत्ता दारात उभा राहून विचारतोय, खूप दुखतंय का. आता विचारतोय.

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, नाही.