साक्षीदार ‘अ’

प्रिय काजबहाद्दर,

हद्दपारीचा हुकूम कोर्टाने रद्द केला, हे एव्हाना तुझ्या कानावर आलंच असेल. चौदा महिने मी दुसऱ्या जिल्ह्यात, ताईच्या घरी, लोकांच्या पडद्यांच्या कडा शिवत बसलो. मशीन चांगलं होतं, पण आवाज परका. आपल्या दुकानात वीस वर्षं दोन मशीन पाठीला पाठ लावून चालायची. तुझा पाय थांबला की मागे न बघता मला कळायचं, स्वारीला चहा हवाय. शाळेच्या गणवेशांच्या दिवसांत तू काजं करता करता शर्टांच्या ढिगाऱ्यात दिसेनासा व्हायचास, नुसतं गुणगुणणं ऐकू यायचं.

फुटपाथवरच्या विक्रेत्यांना उठवू नका म्हणून मोर्चा काढला, तेवढ्यावर मी धोकादायक ठरलो. जुने दोन खटले होते, दोन्हींत सुटलेलो. सरकारकडे केलेलं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा वकीलबाईंनी हायकोर्ट गाठलं. न्यायाधीशांनी दोनच गोष्टी विचारल्या. माझ्याविरुद्धच्या गुप्त साक्षी खऱ्या की खोट्या, हे हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः तपासलं का? आणि तक्रार एका रस्त्याची, तर माणूस अख्ख्या जिल्ह्याबाहेर का? सरकारी वकील नुसते कागद चाळत राहिले.

त्या साक्षी मीही वाचल्या. नावं झाकलेली होती. साक्षीदार ‘अ’ म्हणतो, याने माझ्यावर कात्री उगारली आणि म्हणाला, “कान कापून हातात देईन.” वाचून मला आधी हसूच फुटलं. बाही वाकडी लागली की हे मी कोणाला म्हणायचो, आणि कोण मुद्दाम कान पुढे करायचं? मग हसू गेलं. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, हा माणूस ओळखता का. मी नाही म्हटलं.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुढे बायकोकडून कळलं, तुला तीन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं, लेकीच्या नोकरीसाठी लागणारा पोलिसांचा दाखला अडवू, असा दम दिला होता. माझ्या मुलीवर आलं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर अजून मला देता आलेलं नाही.

आता पत्राचं कारण. मी गुरुवारी येतोय. आणि तू मशीन उचलून दुसरीकडे जागा बघतोयस, असं वहिनी माझ्या बायकोजवळ रडल्या. नको जाऊस. काय झालं ते एकदा समोर बसून सांग, मी ऐकून घेईन. मला घालवायला सरकारी हुकूम लागला, तू आपणहून हद्दपार होऊ नकोस.

तुझाच,
जोडीदार