खुर्चीकार संघाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, खुर्च्या करणारा सुतार आणि खुर्चीकार संघाचा एकुलता एक हयात सभासद, हे लिहून ठेवतो ते कोणाच्याही दडपणाखाली नाही. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या टेबलाचा डावा पाय आखूड आहे, हेही सांगितले. दाखला लगेच मिळाला. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. चौथे लिहिण्याचे त्राण आता उरलेले नाही.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. वरची खोली मुलाची, खालची खोली आणि मागचा कारखाना लेकीचा. जिना दोघांचा, त्यावरून भांडू नये. मुलगा तयार फर्निचरच्या दुकानात नोकरीला आहे. माझा त्याच्यावर राग नाही, त्या दुकानातल्या खुर्च्यांवर आहे.

२. बँकेत जे उरेल ते निम्मे निम्मे. फार नाही, त्यासाठी वकील करू नये.

३. रंधे, पटाश्या, करवती, सगळी हत्यारे लेकीला. तशीही तीच वापरते. मी फक्त धार बघतो आणि मान हलवतो. काटकोन तपासायचा मोठा गुण्या शेजारच्या पॉलिशवाल्याकडे आहे. 'दोन दिवसांत देतो' म्हणाला होता, त्याला एकोणीस वर्षे झाली. तो त्यालाच बक्षीस दिला असे समजावे. निदान मेल्यावर तरी मी उदार ठरेन.

४. संघाचे सभागृह. हे मला कोणाला देता येत नाही, कारण ते माझे नाही. सात सुतारांनी लाकडाच्या वखारीमागे हा संघ काढला आणि एका उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी हे सभागृह उभे केले. त्यांनी घातलेला नियम असा, की सभागृह हयात सभासदांचे. शेवटचा सभासद गेला की ते महापालिकेचे. महापालिकेला तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. साहेब दोनदा येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

सभासद होण्याची रीत एकच. स्वतः केलेली खुर्ची सभेपुढे ठेवायची. परीक्षेला उतरली की माणूस सभासद, आणि सभेत त्याने त्याच खुर्चीवर बसायचे. दुसऱ्याच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, पाहुणा आला तर उभा राहतो. सभासद मेला की त्याची खुर्ची भिंतीला लागते. आमचा एक सभासद, सगळे त्याला 'सावकाश' म्हणत, त्याने खुर्चीला चार वर्षे लावली आणि पहिल्याच सभेत तिच्यावर झोपला. आज भिंतीला चाळीस खुर्च्या आहेत आणि मधोमध माझी. ठराव मी मांडतो, अनुमोदनही मीच देतो. विरोध बराच कमी झाला आहे.

५. आता जे लिहायला बसलो ते. बावीस वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही मुलांनी एकाच सभेत खुर्च्या ठेवल्या. परीक्षक मी होतो. परीक्षकाने खुर्चीवर बसायचे, रेलायचे, मागच्या दोन पायांवर तोल घ्यायचा. त्याच्या शब्दानंतर दुसऱ्या कोणी बसून पाहायचे नाही. मुलाची खुर्ची कुरकुरली. लेकीची हूं की चूं नाही. सगळी सभा बघत होती. धाकट्या बहिणीसमोर भाऊ नापास, हे माझ्या तोंडून निघेना.

"दोन्हींचे सांधे सैल," मी म्हणालो.

"वा! पोटच्या पोरांनाही सोडलं नाही! असा माणूस पाहिजे," सावकाश ओरडला, आणि पुढच्याच सभेत मला अध्यक्ष केले. मुलगा सुटल्यासारखा धंद्यातून बाहेर पडला. लेकीने खुर्ची उचलली आणि घरी नेली. तेव्हापासून कारखान्यातून गेलेली प्रत्येक खुर्ची तिच्या हातची आणि शिक्का माझा. ती रोज सकाळी स्वयंपाकघरात त्याच नापास खुर्चीवर बसून चहा पिते. खुर्ची अजून कुरकुरलेली नाही. मला त्या चहाची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी सभा बोलावली. हजर एक. इतिवृत्तात दुरुस्ती केली: 'परीक्षक खोटे बोलला. मुलीच्या खुर्चीचा सांधा घट्ट होता.' म्हणजे नियमाप्रमाणे लेक बावीस वर्षे सभासद आहेच. तिने खुर्ची इथे आणून ठेवली की सभागृह तिचे. मग सभा भरवावी, कारखाना करावा किंवा कुलूप लावावे.

दुरुस्ती तिला वाचून दाखवली. ती रंधा मारत होती.

"बाबा, तो सांधा मी भरला होता. घट्ट आहे की सैल, ते मला माहीत नसेल?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"परीक्षक तुम्ही होता. म्हटलं, कधीतरी तुम्हीच सांगाल."

मी माफी मागितली. तिने रंधा थांबवला नाही. खुर्ची आणणार का, हे विचारायला मला तोंड नव्हते. तिला कोणी गळ घालू नये. भावाने तर मुळीच नाही.

६. साक्षीदार समोरचा घड्याळजी आणि कोपऱ्यावरचा शिंपी. दोघांनी उभ्यानेच सह्या केल्या. लेकीने सही करायची नाही, असे वकिलांनी बजावले आहे. ती माझे औषध घेऊन आली आहे आणि दारात थांबली आहे. मी संघाचा नियम मोडून तिला म्हटले, "ये, बस माझ्या खुर्चीवर."

"नको," ती म्हणाली. "मला माझी आहे."

एवढे बोलून ती गेली. औषध मेजावर आहे. मी खिडकीतून पाहतो आहे, ती घराच्या दिशेने चालली आहे, भरभर.

ठिकाण: संघाचे सभागृह, खिडकीजवळचे मेज
दिनांक: आठ फेब्रुवारी, दुपारचे सव्वातीन

लिहून देणार: खुर्चीकार, सभासद एकेचाळिसावा (सही)
साक्षीदार: घड्याळजी (सही)
साक्षीदार: शिंपी (सही)

सह्यांनंतरची नोंद, साक्षीदारांसमक्ष, पावणेचार वाजता: सभासद हजर, दोन.