कोऱ्या कापडावर वाळवलेला पाला

मंगळवार, संध्याकाळ

वज्रेश्वरीहून आणलेल्या पाल्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून सरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. मला पेढा गोड लागेना. मागच्या खेपेला याच झाडाच्या पाल्याने काही म्हणजे काही झालं नव्हतं. मग आताच कसं?

फरक एकच. तेव्हा पाला कागदावर वाळवला होता, या वेळी कापडावर. ते कापड मीच दादाच्या पॉवरलूमवरून आणलं. भिवंडीत कापडाला काय तोटा! पण कोऱ्या कापडाला खळ असते, आणि खळीला बुरशी धरू नये म्हणून औषध घालतात. मी ते न धुताच अंथरलं. पेशी पाल्याने मेल्या की कापडाने?

सरांना म्हटलं, "नुसत्या कापडाचा अर्क तपासू या."

"तुला ना, सगळ्यातच शंका!" ते हसले आणि उरलेला पाला घरी घेऊन गेले. त्यांच्या ताईला कॅन्सर आहे.

राहवेना, म्हणून आत्ता सरांच्या घरी फोन केला. ताईंनीच उचलला. "काढा फार कडू आहे गं. म्हणजे लागू पडेल ना?"

"ताई, तो ओतून द्या. कापडाचं औषध उतरलं असेल त्यात."

मी फोन कानाला लावून बसले. ओतल्याचा आवाज काही आला नाही.