जुना माल आधी

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, पहिल्या महिन्याचा अहवाल.

आपलं काय ठरलं ते तू विसरली नसशील, पण लेखी असलेलं बरं. तुझी आई गेल्यावर मी वर्षभर कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवलो. पेन्शन तिथेच संपली, विजेचं बिल थकलं आणि ते तुला भरावं लागलं. तेव्हा तू म्हणालीस की घर भाड्याने द्या आणि माझ्याकडे राहायला या. मी मे अखेरपर्यंत मुदत मागितली. मुदतीत अटी दोन. किराणा आणि भाजीपाला मिळून खर्च पाकिटात ठेवलेल्या रकमेबाहेर जायचा नाही. डॉक्टरांच्या काट्यावर माझं वजन पासष्टच्या खाली उतरायचं नाही. एक जरी मोडली तरी मी बिऱ्हाड हलवायचं.

मला इथेच राहायचं आहे. हे एकदाच लिहितो.

पाकिटात पैसे उरले. काहीही नासलं नाही. पंपांच्या कारखान्याचं स्टोअर ज्या पद्धतीने सांभाळलं, त्याच पद्धतीने स्वयंपाकघर लावलं आहे. प्रत्येक फळीला चिठ्ठी. प्रत्येक वस्तूची किमान पातळी ठरलेली, साठा तिच्याखाली जाऊ द्यायचा नाही. नवा माल मागे, जुना पुढे, आणि वापरायचा तो जुना आधी. डाळ-तांदळापासून पालक, टोमॅटो आणि पावापर्यंत एकच नियम. दुपारी डाळ, भात, दोन भाज्या, अंडं. सूप आणि पाव दोन्ही वेळेला. पहिल्या आठवड्यात मीठ चुकलं, आता चुकत नाही.

चि. छोटीस आशीर्वाद. लोभाचाही साठा राखून ठेवावा.

बाबा


१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. अहवाल पोचला. तुमच्या जावयांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, फक्त शिक्का मारायचा राहिलाय. ते सुतार आहेत, त्यांना फळ्यांचं कौतुक वाटलं. मला मात्र एक कळलं नाही. सगळ्या फळ्यांना चिठ्ठ्या असताना मीठ चुकलं कसं?

खर्चाबद्दल पानभर लिहिलंत, वजनाबद्दल एक अक्षर नाही. हिशेबी माणूस जे लिहीत नाही ते मी आधी वाचते. वजन कळवा. स्वेटर काढून.

इकडे शाळांच्या गणवेशांचा हंगाम सुरू झालाय. दिवसभर निळं कापड कापते आणि घरी आल्यावरही डोळ्यांपुढे निळंच दिसतं. ह्यांनी आमच्या मोठ्या खोलीत मधोमध पडदी घालायची मापं घेतली आहेत. तुम्ही घाई करावी म्हणून नव्हे, प्लायवूड स्वस्तात मिळालं म्हणून. आजोबांचा पलंग खिडकीपाशी येणार का, असं छोटीने विचारलं. मी तिला मे महिन्यात विचार म्हटलं.

बाबा, तुम्ही हरावं असं मला वाटत नाही. पण गेल्या वर्षी तुमचा सदरा खांद्यांवरून लोंबत होता, तो पुन्हा तसा बघायचा नाही. माझा धंदाच मापांचा आहे. मला लांबूनही कळतं.

रागावू नये, आणि रागावलात तरी पत्र चुकवू नये.

तुमची,
मुंगी


९ मार्च

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. जानेवारीत वजन सदुसष्ट होतं. आज सहासष्ट. स्वेटर काढून.

काळजीचं कारण नाही. उन्हाळा लागला की भूक उतरते. शिवाय या वयात जिभेला पूर्वीसारखं कळत नाही, असं डॉक्टर म्हणतात. सगळं एकाच चवीचं लागतं. तरी ताटात वाढलेलं संपवतो. पाकिटात मागच्या महिन्यापेक्षा जास्त उरलं.

प्लायवूड जमिनीवर टेकवून ठेवू नका म्हणावं. ओल धरलं की फुगतं.

सर्वांना माझी आठवण असावी.

बाबा


१५ मार्च

तीर्थरूप आत्यास,

सा. न. तुझे टायपिंगचे क्लास कसे चालले आहेत? इकडे सगळे ठीक. मी मात्र तुझ्यावर एक काम टाकणार आहे.

बाबांचे पैसे उरतात आणि वजन उतरतं. ही दोन्ही एका वेळी झाली की मला झोप लागत नाही. पोटाला चिमटा काढून पाकीट सांभाळत असतील तर हे सगळं उलटंच झालं. त्यांना विचारलं तर अहवाल येईल. तू त्यांची मोठी बहीण, तुला आमंत्रण लागत नाही. एखाद्या दुपारी न कळवता जा आणि जेवायलाच बस. मी पाठवलं हे सांगू नकोस. त्यांना ते कळेलच, तरी सांगू नकोस.

तुझ्या गुडघ्याला जपावं आणि माझ्यावर लोभ ठेवावा, तो या कामानंतरही.

तुझी,
मुंगी


२२ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. तुझ्यापायी मला शिळा पाव खावा लागला.

बुधवारी क्लास सुटल्यावर गेले. भाऊने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुसरं ताट घेतलं. पहिली गोष्ट, तो उपाशी राहत नाही. ताट भरलेलं होतं. पण काय होतं त्यात! पालक काळा पडलेला, त्यातली बरी पानं वेचून शिजवलेली. टोमॅटो माझ्या हातांइतके सुरकुतलेले. पाव असा की सुपात बुडवल्याशिवाय दात रुततील तर शपथ. मला वाटलं, बिचारा पैसे वाचवतोय, उतरलेला माल स्वस्तात आणत असेल.

पाणी घ्यायला फ्रिज उघडला. आत हिरवागार पालक, पाणी निथळत असलेला. टणक, लाल टोमॅटो. पावाचा डबा उघडला तर त्यात सकाळचा लुसलुशीत पाव. हे कुणासाठी ठेवलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, उद्याचं आहे. उद्या तो हा पाव खाणार आणि उद्याचा ताजा परवासाठी ठेवणार. परवाही तेच. भाज्या तर आठवडा आठवडा मागे. मी त्याला म्हटलं, म्हणजे तू रोज ताजं विकत आणतोस आणि रोज शिळं खातोस. तो म्हणाला, क्रमाने खातो.

ताजा खा म्हटलं तर म्हणे मग जुना वाया जाईल. लहानपणापासून त्याचं असंच आहे, चूक एवढी व्यवस्थित करतो की बोट ठेवायला जागा सापडत नाही. शेवटी मीच डब्यातला पाव काढला आणि मोडला. मी कारखान्याचं कुलूप फोडल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. माझं मन राखायला अर्धा तुकडा खाल्ला आणि मग सांगितलं की जुना पाव आता उद्यावर गेला, म्हणजे उद्या दोन दिवसांचा खावा लागणार. माझ्या जाण्याने त्याचं नुकसानच झालं.

त्याची जीभ शाबूत आहे ग. तिला काही मिळतच नाही.

सुखी असा.

आत्या


२८ मार्च

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. आत्या येऊन गेली, असं आत्यानेच कळवलं.

मी तुमच्याच पद्धतीने विचार केला. एक दिवस बेकरीत जाऊ नका. फक्त एक दिवस. त्या दिवशी डब्यातला पाव संपवा. दुसऱ्या दिवशी नवा आणा आणि तोच खा. मग पुढे रोज ताजा. काही टाकायचं नाही, पैसा जास्त लागणार नाही, जुना माल आधी हा नियमही मोडत नाही. भाजीचं तसंच, एक आठवडा फक्त आहे ते संपवायचं. नटबोल्ट आणि पालक यांना एकच नियम लावलात, एवढंच झालंय. नटबोल्ट सुकत नाहीत.

अहवालात आता वजन पहिल्या ओळीत लिहावं ही विनंती.

तुमची,
मुंगी


६ एप्रिल

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. वजन सहासष्टला थोडं कमी.

तुझी सूचना हिशेबाने बरोबर आहे. अमलात येत नाही.

सोमवारी बेकरीत गेलो नाही. दुपारपर्यंत काही वाटलं नाही. जेवताना पाव संपला. डबा धुऊन पुसून फळीवर ठेवला. थोड्या वेळाने उघडून पाहिला. पुन्हा ठेवला. चार वाजता जाऊन दोन पाव घेऊन आलो.

तुझी आई रोज पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि त्या दिवसापुरतं आणायची. घरात साठा असा कधी नव्हताच. ती गेली, तुम्ही सगळे परतलात, आणि तिने आणलेलं दोन दिवसांत संपलं. मग कुठलाही डबा उघडला तरी तळ दिसायचा. खानावळीत जायला लागलो ते त्यामुळे. तिथे डबे दिसत नाहीत.

हे कारण अहवालात बसत नाही. तरी कळवलं.

तुझे काम फार असेल, उत्तराची घाई नाही.

बाबा


३ मे

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. आज डॉक्टरांच्या काट्यावर चौसष्ट भरलं. काटा बरोबर आहे, मी दोनदा चढून पाहिलं.

अट मोडली. ठरल्याप्रमाणे मी येतो. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं आहे. भाडेकरू तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही.

घरातला माल टाकून येणार नाही, आणि तुझ्याकडे तो ठेवायला जागा नाही. तो इथेच संपवतो. आजपासून पुढचा साठा करणं बंद. जी फळी रिकामी होईल तिची चिठ्ठी काढून टाकीन.

पलंग खिडकीपाशी लावू नका. ती जागा छोटीची आहे.

बाबा


२४ मे

चि. मुंगीस,

आशीर्वाद. भाऊने तुला काही लिहू नकोस म्हणून बजावलंय. का ते सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

आधी भाजी संपली. मग डाळी संपल्या, मग अंडी. फळ्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून गेल्या. महिना अर्धा झाला तोवर घरात तांदूळ, तेल आणि मीठ. मला वाटलं, आता हा पुन्हा खानावळ धरणार. पण निघायला तर अवकाश आहे, पोट रोज मागतं, आणि साठा करायचा नाही हे यानेच ठरवलेलं. तेव्हा रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जातो. एक कांदा, दोन टोमॅटो, मूठभर पालक, एक अंडं. भाजीवाली आधी हसली, आता याच्यासाठी निवडून बाजूला ठेवते. परवा मी रस्त्यात पाहिला. बेकरीतून बाहेर पडला आणि चालता चालता पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकला. या वयात, भर रस्त्यात.

मला विचारत होता की यंदा टोमॅटोची जात बदलली का. मी म्हटलं, नाही रे, टोमॅटो तेच आहेत.

काल मुद्दाम जेवायला गेले. भाजी पुन्हा मागितली तर पातेलं पुसून मोकळं. पाकीट महिन्याच्या शेवटाला एवढं जाड मी पाहिलं नव्हतं. वजनाचं तो बोलत नाही, पण दवाखान्यात नावं लिहून घेणारी मुलगी माझ्या क्लासची. सहासष्टच्या वर गेलाय.

रिकाम्या डब्यांचं विचारलंच मी. म्हणाला, अजून रोज संध्याकाळी उघडून बघतो. मग झाकण लावतो आणि उद्या काय खावंसं वाटतंय त्याचा विचार करतो. पहिले काही दिवस फिरायला निघून जायचा म्हणे, आता जात नाही.

तरी तिकीट खिशात आहे. अट मोडली ती मोडली, आता वजन वाढलं म्हणून रडीचा डाव खेळणार नाही म्हणतो. स्वतःहून तो तुला काही सांगणार नाही. जे करायचं ते तुझ्या हातात.

माझा गुडघा बरा आहे, कुणी विचारलं नाही तरी.

आत्या


२९ मे

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. अट मी घातली होती, तेव्हा ती उसवायचा हक्कही माझाच. माझ्या कामात कपडा घट्ट झाला तर शिवण उसवतात. माणसाला कमी करत नाहीत. मला तुमचं वजन नको होतं, तुम्ही नीट जेवावं एवढं हवं होतं. आता तुम्ही नीट जेवता, हे मला कुणी कळवलं ते विचारू नये.

तिकीट परत करा. घर भाड्याने द्यायचं नाही. तुम्ही तिथेच राहायचं. हेही एकदाच लिहिते, म्हणजे तुम्हाला पटेल.

पडदी उभी राहिली आहे. पलीकडची बाजू छोटीने ताब्यात घेतली आणि आत येण्याआधी विचारावं असा हुकूम काढलाय. तिच्या बापाला सुद्धा विचारावं लागतं.

गणवेश या आठवड्यात रवाना होतील आणि मला सुट्टी मिळेल. आम्ही तिघं आठ जूनला सकाळच्या गाडीने येतो, आठवडाभर राहायला. तुमच्या फळ्या रिकाम्या आहेत असं ऐकते. डाळ, तांदूळ, थोडा भाजीपाला बांधून आणू का? तीन माणसं एकदम यायची आणि घरात काही नसायचं, या विचाराने तुम्हाला त्रास होत असेल तर खरं कळवा. मी काही बोलणार नाही.

आत्याच्या गुडघ्याची चौकशी करावी. माया आहे ती वाढवावी.

तुमची,
मुंगी


३ जून

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. तिकीट परत केलं. थोडे पैसे कापले, ते पाकिटातून घेतले नाहीत.

त्रासाचं विचारलंस. काल पिशवी घेऊन निघालो होतो, तुमच्यासाठी भरून ठेवावं म्हणून. बेकरीपर्यंत गेलो. मग हिशेब केला. तुम्ही पोचेपर्यंत पाव वाळला असता आणि पालक मान टाकून बसला असता. छोटीला तो आवडला नसता. परत आलो.

संध्याकाळी डबे उघडून पाहिले. तळ दिसला. झाकणं लावली.

तुम्ही काही आणू नका. येताना उपाशी या. सामान ठेवू आणि सगळे मिळून बाजारात जाऊ. छोटीला काय हवं ते तिने स्वतः निवडावं. बाकीचं वाटेत बोलू.

घरात काही नाही. या.

बाबा