तुमच्या बंधुराजांची विश्रांती

ती. जेमेली वन्सं यांना इटेनहून जेरोतिचचा नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? मुलांचा खोकला थांबला का? आम्ही इथे सुखरूप आहोत. (सुखरूप हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या भावाचा पाय कापला अशी बातमी तुमच्या कॅप्साबेटपर्यंत पोचली म्हणे. कापलेला नाही. दोन्ही पाय जागेवर आहेत आणि आज रविवार असल्यामुळे माझ्या चांगल्या उशीवर आहेत.)

झालं ते असं. एल्डोरेटची मॅरेथॉन जवळ आली तसं तुमच्या भावाच्या अंगात वारं शिरलं. चेबी कोच आठवडाभर सगळ्यांना पिळून काढतात, पण रविवारी त्यांचा हुकूम एकच: चर्चला जा, चहा प्या आणि आडवे व्हा. बाकीचे होतात. तुमचे भाऊ आडवे झाले की छताकडे बघत मला विचारणार, "आत्ता बाकीचे काय करत असतील गं?" मी म्हणायचं, "झोपले असतील." तर म्हणे, "आपल्याला तसं वाटावं हाच तर त्यांचा डाव!" (वन्सं, लहानपणापासूनच असे आहेत का? मग लग्नाआधी सांगायचं होतं.)

मागच्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये पहिलं गाणं संपलं आणि हे माझ्या कानाशी लागले, "गाय सुटल्यासारखी वाटतेय, बघून येतो." आमचं घर टेकडीपलीकडे, तिथली गाय सुटल्याचं चर्चमध्ये बसून कळायला माणूस देवाच्या फारच जवळचा हवा. सुटाच्या आत धावायची चड्डी होती, हे मला मागाहून कळलं.

जंगलाच्या वाटेवर कोट झुडपात ठेवतात न ठेवतात तोच समोरून त्यांच्याच गटातला चेमवेनो धावत आला, गळ्यात टाय तसाच. दोघेही थबकले. हे म्हणाले, "गाय हरवलीय." चेमवेनो म्हणाला, "अरेरे! चल, मीही शोधतो." आणि वन्सं, हे दोघे जे गाय शोधत सुटले ते पार केरियोच्या दरीत उतरले. एकाने जरा वेग वाढवला की दुसऱ्याला पुढच्या वळणावर गाय दिसायची. (आमची गाय इतकी पळत असती तर तिलाच एल्डोरेटला पाठवली नसती का?)

इकडे मागच्या बाकावरच्या म्हातारीने "गाय सुटली" एवढंच ऐकलं. आपल्या लोकांत गाय हरवल्यावर प्रवचन कोण ऐकतं! पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं आणि गाणाऱ्या बायकांसकट सगळं चर्च आमच्या गोठ्याशी. गाय निवांत रवंथ करत उभी. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेबींनी एवढंच विचारलं, "त्याच्या पायात बूट कुठले होते?" मी सांगितलं, धावायचे. ते तडक दरीच्या वाटेला लागले, मी त्यांच्या मागे.

हसण्यासारखं इथे संपलं. चढावर हे एका दगडावर नडगी धरून बसलेले सापडले, चेहरा राखेसारखा. पाय टेकवत नव्हता. चेमवेनोने बिचाऱ्याने पाठीवर घेऊन तिथवर आणलं होतं. मोटरसायकलवर मी मागून त्यांना धरून बसले आणि दवाखाना गाठला. वाटेत एकदाच बोलले, "हाड मोडलं असेल तर संपलं गं सगळं." आमच्या घरात एवढीच एक विद्या आहे आणि शेताचा तुकडा केवढासा, ते तुम्हाला ठाऊकच. माझ्या मनात शिव्या आणि प्रार्थना आळीपाळीने चालल्या होत्या.

पायाच्या हाडाचा फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड शाबूत आहे, पण तडकायच्या बेतात होतं. आता पूर्ण आराम. मी अशी रडले की बाईंना वाटलं, मला उलटंच ऐकू आलं.

संध्याकाळी चेबी घरी आले. रागावतील म्हणून हे पांघरुणात शिरले, पण ते चहा घेत शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, पळताना पाय झिजतो. घडतो तो तू झोपलास की. तू त्याला घडूच देत नाहीस!"

आणि वन्सं, तुमचे भाऊ झोपले. खरंच झोपले. (घोरतातसुद्धा, हे नवीनच.) काल आराम संपवून पहिल्यांदा गटाबरोबर धावले आणि हसत घरी आले, म्हणाले, कुणा दुसऱ्याचे पाय लावल्यासारखं हलकं वाटलं. एल्डोरेटला जायला चेबींची हरकत नाही. माझ्या छातीवरची धोंड उतरली.

घरात सर्वांना माझा नमस्कार सांगावा.

तुमची,
जेरोतिच

ता. क. पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच कारणासाठी, ते राहूनच गेलं. परवा त्यांचा पाय दाखवायला गेलो तेव्हा मला घेरी आली, म्हणून बाईंनी मलाही तपासलं. मला दिवस गेलेत. आता जड उचलायचं नाही, दुपारी पडून राहायचं, असं म्हणाल्या. मग पाणी, सरपण, धारा कुणी करायच्या? काही दिवस येऊन राहाल का?

ता. क. दुसरा. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ऐकलं की आनंदाने गावभर पळत सुटतील, आणि आज रविवार आहे. उद्या सकाळी सांगीन.